आबांचं वीजघर

एका अख्ख्या देशाला वीस वर्षं उजेडात ठेवून मग लेकीकडे अमेरिकेत राहायला आलेला माणूस आमच्या शॉमबर्गमध्ये एकच होता, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. शेजारी म्हणजे अगदी भिंतीला भिंत. ओळीनं बांधलेल्या त्या घरांमध्ये आमच्या उजव्या हाताला माझी मैत्रीण शैला राहायची. ती लहान मुलांची डॉक्टर, नवरा इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत, दोन मुलं शाळेत. आई गेल्यावर तिनं वडिलांना आफ्रिकेतून इकडे आणलं. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. पासपोर्टवर त्यांचं नाव चांगलं भारदस्त होतं म्हणे, पण ते कधी कोणाच्या कामी आलं नाही. आठवड्याभरात आम्ही सगळे, आणि पुढे पलीकडच्या घरातली एकटी राहणारी अमेरिकन म्हातारीसुद्धा, त्यांना आबाच म्हणायला लागलो.

तो देश म्हणजे मलावी. लहानसा. नकाशावर आबा तो दाखवायला जायचे तर देश त्यांच्या बोटाखाली झाकून जायचा आणि बघणाऱ्याला फक्त आबांचं नख दिसायचं. महाराष्ट्र मंडळाच्या पहिल्याच जेवणात एका गृहस्थांनी मलावीच्या जागी मालवण ऐकलं आणि आबांना सोलकढीवरून भंडावून सोडलं. आबा कोल्हापूरकडचे. त्यांनी तांबड्या रश्श्याची कृती सांगून वेळ मारून नेली. पलीकडच्या म्हातारीला ते हवाईतलं बेट वाटलं आणि तिनं तिथल्या समुद्रकिनाऱ्यांची चौकशी केली. मलावीला समुद्र नाही, पण भलंमोठं सरोवर आहे. आबांनी तिला सरोवराचं वर्णन ऐकवलं, तीही खूश. त्या सरोवरातून एक नदी निघते, दक्षिणेला जाता जाता कड्यांवरून खाली उतरते, आणि तिथं डोंगराच्या पोटाशी आबांचं वीजघर होतं. देशातली जवळजवळ सगळी वीज त्या एका नदीच्या जिवावर. कोणी विचारलं की तुम्ही तिथं नेमकं काय करत होता, तर आबा म्हणायचे, “पाणी पडायचं. मी बघायचो.”

आता आयुष्यभर वीज तयार केलेला माणूस ती जपून वापरत असेल, असं कोणालाही वाटेल. शैलालाही वाटलं होतं. प्रत्यक्षात आबांना बंद दिवा बघवत नसे. शैला एकेका खोलीतला दिवा मालवत पुढे जायची आणि आबा मागून एकेक लावत यायचे. त्यातही इथली बटणं वर केली की चालू आणि खाली केली की बंद, म्हणजे आपल्याकडच्या बरोबर उलटी. त्यामुळे पहिले काही महिने आबा लावायला जायचे आणि मालवून यायचे, मग रागावून परत जायचे. त्यांचं म्हणणं असं, की वीजघरात कोणीतरी यंत्राशी बसलेला असतो. तुम्ही दिवा लावलात म्हणजे त्याच्या मेहनतीला हात लावलात, आणि दिवा मालवलात म्हणजे पंगतीत वाढप्याला नको म्हणून ताटावर हात आडवा धरलात. शैला म्हणायची, “आबा, गरज नसताना कशाला? वाचवावी माणसानं.” त्यावर आबांचं ठरलेलं उत्तर होतं: “वाचवून ठेवतेस कुठं? वीज म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत भरून ठेवायला? वीज म्हणजे भाकरी. तव्यावरून थेट ताटात.” बॅटरी या वस्तूबद्दल त्यांचं मत अतिशय वाईट होतं. शिळ्या अन्नाला माणूस नाक मुरडतो तसे ते टॉर्चकडे बघायचे.

त्यांच्या खोलीत भिंतीवर विजेवर चालणारं एक घड्याळ होतं. वीजघरातल्या लोकांनी निरोप देताना ते त्यांना दिलं होतं, आणि एक जड ट्रान्सफॉर्मर मध्ये लावून आबांनी ते इथल्या विजेवर चालतं केलं होतं. चालतं म्हणजे काय, धावतं. तिकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते आणि इकडची साठ, आणि ते बिचारं घड्याळ हेलकावे मोजून चालणारं. त्यामुळे जगात पाच तास झाले की आबांच्या भिंतीवर सहा व्हायचे. दुसऱ्या कोणीही ते काढून ठेवलं असतं. आबा त्याच्याकडे बघून मनातल्या मनात त्रैराशिक मांडायचे आणि वेळ बरोबर सांगायचे, फक्त सांगेपर्यंत ती निघून गेलेली असायची. मी एकदा विचारलं, की आबा, हा त्रास कशाला? ते म्हणाले, “नागपूर, त्याची सवय पन्नासची आहे. इथं आल्यावर त्याला धाप लागलीय एवढंच. चुकीचं नाही ते.” मी नागपूरची, म्हणून ते मला नागपूरच म्हणत. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

वीस वर्षं यंत्रांच्या गोंगाटात काढल्यानं त्यांना माणसांचं बोलणं कमी ऐकू यायचं, पण मोटर, पंखा, फ्रीज, घर गरम ठेवणारी भट्टी यांचं कुजबुजणंही स्पष्ट कळायचं. कोणाच्या घरी गेले की यजमानांना नमस्कार करायच्या आधी ते फ्रीजला कान लावायचे. इथल्या विजेचा सूर तिकडच्यापेक्षा दीड स्वर चढा आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पेटी वाजवणाऱ्या एका बाईंनी ते खरं असल्याचं सांगितल्यावर त्यांनी मंडळात महिनाभर दुसरा विषय काढला नाही. एकदा ते आमच्याकडे चहाला आले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “तुझ्या तळघरातली मोटर रडतेय.” तळघरातलं पाणी उपसून बाहेर टाकणारा पंप होता तो. मी घाबरून माणूस बोलावला. त्यानं सगळं उघडून बघितलं, काही दोष नाही म्हणून सांगितलं आणि निघून गेला. मी आबांना तसं सांगितलं तर ते अजिबात ओशाळले नाहीत. “परका माणूस बघून गप्प बसली असेल,” म्हणाले. ती मोटर पुढे आम्ही घर विकेपर्यंत ठणठणीत चालली.

माणसांची पारखही ते वीजघराच्या मापानंच करायचे. शैलाचा नवरा बोलायचा कमी, पण बर्फ उपसण्यापासून मुलांच्या गृहपाठापर्यंत सगळं न सांगता करायचा. तो ‘बेस लोड’. दिवसरात्र एकसारखा. संध्याकाळी घटकाभर सगळी शक्ती लागते आणि मग काहीच नाही, अशी माणसं ‘पीक लोड’. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना त्यांनी तोंडावर पीक लोड म्हटलं. बाईंना पीक या शब्दाचा अर्थ शिखर एवढाच माहीत होता, त्यामुळे त्यांनी पुढे हे आपल्या भाषणात दोनदा सांगितलं. माझ्या नवऱ्याला त्यांनी काय म्हटलं होतं ते मी इथं लिहीत नाही, तो अजून विचारतो, “यार, बट व्हाय स्टँडबाय?”

मुलांमध्ये आबांची पत सगळ्यात मोठी, कारण त्यांच्याकडे पाणघोडा होता. वीजघराला पाणी नेणाऱ्या कालव्याच्या तोंडाशी तो येऊन बसायचा आणि अख्ख्या देशाचे दिवे मिणमिणायला लागायचे. आबा काठावर उभे राहून त्याला इंग्रजीत विनवायचे. मुलं विचारायची, “बट आबा, व्हाय इन इंग्लिश?” आबा म्हणायचे, “साहेबाच्या काळात जन्मलेला होता तो. त्याला दुसरी भाषा कशी येणार?” मुलं मान डोलवायची. आपल्या आजोबांशी मराठीत बोलायला लागतं, या दुःखावर त्यांना तो चांगला तोडगा वाटायचा; तीही इंग्रजीतच जन्मलेली होती.

एवढं सगळं असलं तरी आबा इथं रमले होते असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे शॉर्टवेव्हचा एक रेडिओ होता. लंडनहून आफ्रिकेच्या बातम्या लागायच्या, त्या ते सकाळी खिडकीशी बसून, आवाज मोठा करून ऐकायचे. बातम्यांमध्ये मलावी क्वचितच यायचा. नाही आला की आबांचा चेहरा खुलायचा. “चालू आहे,” म्हणायचे आणि रेडिओ बंद करायचे. वीजघर चालू असतं तोपर्यंत त्याची बातमी होत नाही, हा त्यांचा सिद्धांत होता.

आणि एका जानेवारीत बातमी आली. बाहेर बर्फ, शैला हॉस्पिटलात, मी दुपारी लायब्ररीतल्या कामावर जायच्या आधी आबांना डबा द्यायला गेले होते. ते रेडिओशी बसले होते, पण नेहमीसारखे रेलून नाही, पुढे वाकून. तिकडे तो पावसाळा. दक्षिणेकडे नदीला मोठा पूर आला होता, झाडंच्या झाडं वाहून येऊन पाण्याचे रस्ते बंद झाले होते, वीजवाहिन्या पडल्या होत्या, आणि सगळा देश अंधारात होता. एवढी दोन वाक्यं सांगून बातम्या दुसऱ्या देशात गेल्या. आबा मात्र तिथंच राहिले.

त्यांनी लगेच फोन लावायला घेतला. वीजघराचा नंबर त्यांना पाठ होता. त्या काळी असे फोन ऑपरेटरमार्फत लागायचे, आणि ऑपरेटर बाई प्रत्येक वेळी तेच सांगायची, की लाइन मिळत नाही, नंतर प्रयत्न करा. आबांना तिचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनवर ऐकून त्यांना मोठ्यानं सांगायची. ती नाही म्हणायची, मी नाही म्हणून ओरडायची, आबा थोडा वेळ हात मागे बांधून फेऱ्या मारायचे आणि पुन्हा रिसीव्हर उचलायचे. पुढचे काही दिवस हेच चाललं. जेवण दोन घासांवर आलं. मुलांनी पाणघोड्याची गोष्ट मागितली तर म्हणाले, आज नको.

शैलाला वाटलं, होतील शांत. पण एका संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, की मी मलावीला जातोय. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. आईच्या मागोमाग हे, म्हणून तर शैलानं हट्टानं त्यांना आणलं होतं. ती आधी डॉक्टरसारखी बोलली, मग लेकीसारखी, मग मोठ्या आवाजात. मी तिथंच होते, आणि उठून जावं की बसावं ते मला कळेना.

“आबा, तुम्ही रिटायर झालात,” ती शेवटी म्हणाली.

“मी झालो,” आबा म्हणाले. “वीजघर झालं का?”

शैला उठून वर निघून गेली. तिच्या नवऱ्यानं ताटं गोळा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला दारातच गाठलं आणि म्हणाली, “त्यांना तिकीट काढायला कुठेतरी न्यायला लागेल. तू ने. मी नेणार नाही.” तिचे डोळे सुजले होते.

मी नेलं. आमच्याकडचे सगळे लोक ज्यांच्याकडून भारताची तिकिटं काढायचे, त्या गुजराती गृहस्थांचं ऑफिस गाडीनं अर्ध्या तासावर होतं. रस्त्यावर बर्फाचा राडा होता आणि मी जपून चालवत होते. आबा नेहमी गाडीत बसले की रस्त्याकडेच्या विजेच्या मनोऱ्यांना नावं ठेवायचे किंवा शाबासकी द्यायचे. त्या दिवशी त्यांनी एकाकडेही बघितलं नाही. मी धीर करून विचारलं, की तिकडे इतके इंजिनिअर आहेत, फिरी आहे, ते काय करणार नाहीत का?

फिरी हा आबांच्या हाताखालचा माणूस. अगदी पोरगा असताना आबांकडे कामाला लागला, शिकत शिकत इंजिनिअर झाला, आणि आबा तिथून निघाल्यावर वीजघर त्याच्या ताब्यात आलं. आबा त्याच्याबद्दल अभिमानानं बोलायचे, म्हणून मला वाटलं त्याचं नाव काढलं की त्यांना बरं वाटेल.

“फिरी हुशार आहे,” आबा म्हणाले. “चालू यंत्र तो माझ्यापेक्षा चांगलं सांभाळतो. पण सगळा देश काळोखात असताना पहिलं यंत्र उठवायचं, ते काम निराळं.” मग त्यांनी मला ते समजावून सांगितलं, आणि मला कळावं म्हणून स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलं. वीज जाते तेव्हा घराघरातली बटणं चालूच राहिलेली असतात. यंत्र सुरू करून एकदम सगळ्यांना जोडलं, तर सगळे एकदम तोंड उघडतात, यंत्राला ते झेपत नाही, ते बसतं आणि पुन्हा काळोख. कडक उपास सोडताना जसं पेज, मग मऊ भात, असं करत जायचं, तसं त्या देशाला घासाघासानं भरवायचं. आधी थोडं पाणी सोडायचं, यंत्राला उठू द्यायचं, ते स्थिर झालं की एक घास. मग थांबायचं. मग दुसरा.

“तुम्ही हे किती वेळा केलंय?” मी विचारलं.

“जेवढ्या वेळा काळोख झाला तेवढ्या वेळा.” ते काचेतून समोर बघत होते. “प्रत्येक वेळी मीच केलं. पाणी सोडायचं चाक माझ्या हातात. फिरी म्हणायचा, सर, मी करू का. मी म्हणायचो, आज नको, पुढच्या वेळी. देश काळोखात असताना शिकवत कोण बसणार? आणि उजेड झाला की शिकवायची गरज कोणाला वाटते? असं करत करत मी इकडे निघून आलो, नागपूर. त्याला चाकाला हात लावू न देता.”

पुढे सिग्नल लाल झाला होता, आणि त्यांनी सांगितलं नसतं तर मी तो बहुतेक तोडलाच असता.

लंडनमार्गे शनिवारचं तिकीट मिळालं. आबांनी बॅग भरली. उन्हाळी शर्ट, औषधं, आणि मलावीत मिळत नाही म्हणून शॉमबर्गच्या दुकानातून घेतलेला कसलातरी पाना. शैला त्यांच्याशी बोलत नव्हती, पण औषधांच्या प्रत्येक बाटलीवर कधी घ्यायचं ते मोठ्या अक्षरात लिहून तिनंच लावलं होतं.

शुक्रवारी सकाळी, काहीतरी करायचं म्हणून, आबांनी पुन्हा ऑपरेटरला फोन लावला. मी सवयीनं स्वयंपाकघरात जाऊन दुसरा रिसीव्हर कानाला लावला; तिथून दारातून बैठकीतले आबा दिसायचे. शैलाची त्या दिवशी सुट्टी होती; ती सिंकशी भांडी घासत पाठमोरी उभी होती. बराच वेळ खरखर झाली. मग लांबून, विहिरीच्या तळाशी कोणी बोलावं तसा एक पुरुषाचा आवाज आला, वीजघराचं नाव घेणारा. मी ओरडले, “आबा, लागला.” शैलानं नळ बंद केला.

फिरीच होता. दोघं इंग्रजीत बोलत होते. आबांनी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही, एकदम सुरू केलं, की मी उद्या निघतोय, मी पोचेपर्यंत यंत्राला हात लावू नकोस, आधी तेलाचे पंप बघ, मग डिझेलचं छोटं यंत्र बघ. फिरी मधून मधून ‘सर, सर’ म्हणत होता, ते आबांना ऐकूच जात नव्हतं. शेवटी मीच मध्ये पडले. मी फिरीला म्हटलं, की मी शेजारीण, तुम्ही मला सांगा, मी त्यांना सांगते.

तो म्हणाला, “मॅडम, कृपा करून सरांना सांगा, की वीज आलेली आहे. परवाच आली. आम्ही आणली.”

मी ते मराठीत सांगितलं. माझा आवाज चिरकला असावा, कारण आबांनी पुन्हा विचारलं, आणि शैलानं ओल्या हातांनीच बैठकीत जाऊन त्यांच्या कानाशी ते वाक्य म्हटलं. आबा खुर्चीत बसले.

मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, की पहिला घास कोणाला दिला. हॉस्पिटलला ना? फिरी म्हणाला, नाही सर, शहराच्या पाण्याच्या पंपांना. हॉस्पिटलचं स्वतःचं डिझेल यंत्र चालू होतं, पण पाणी संपलं होतं, आणि पाण्यावाचून हॉस्पिटलचंही चालेना. आपण हॉस्पिटलच निवडलं असतं हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी ते म्हणाले, “बरोबर केलंस.” मग एकदम, “पण चाक? मी तर तुला कधी शिकवलं नव्हतं.”

“तुमच्या मागे उभा होतो ना, सर,” फिरी म्हणाला. “दर वेळी. आम्ही सगळेच उभे असायचो. शिवाय तुम्ही यंत्राशी बोलत करायचात. ते शब्द आम्हाला पाठ आहेत.”

आणि त्यानं ते म्हणून दाखवले. आठ-नऊ हजार मैलांवरून, त्या खरखरीतून, एक मलावीचा माणूस स्वच्छ मराठीत म्हणाला: “हळू. हळू. अजून. अजून थोडं. बास.”

आबांच्या रिसीव्हरशी कान नेऊन ऐकणाऱ्या शैलानं तोंडावर हात ठेवला. मी ते आबांना सांगायला गेले तर मला सांगता येईना, मी नुसतं “हळू, अजून, बास” एवढंच म्हणत राहिले, आणि त्यांना वाटलं मी त्यांना फोनवर हळू बोलायला सांगतेय. समजल्यावर मात्र त्यांचा चेहरा असा झाला, की मी नजर वळवली. यंत्राशी आपण मराठीत बोलतो हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. परवा तिकडे चाकावर फिरी होता, मागे बाकीचे उभे होते, आणि चाक फिरवणाऱ्यानं हळू म्हटलं की सगळे मिळून हळू म्हणत होते. त्यांच्या दृष्टीनं तो कामाचाच भाग होता.

“एक शंका होती, सर,” फिरी म्हणाला. “बाकीचे शब्द बरोबर जागी बसले. पण सगळ्यात शेवटी तुम्ही आणखी एक म्हणायचात. आई गं. तो आम्ही म्हटला, पण नेमका केव्हा म्हणायचा यावर आमचा वाद झाला. दिवे लागायच्या आधी की नंतर?”

हे मी जसंच्या तसं सांगितलं. आबा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज आला, आणि मग त्यांना ते थांबवता येईना. इतक्या दिवसांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं, त्यामुळे शैलाही हसायला लागली, आणि हसता हसता त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडायलाही लागली. आबा एका हातानं तिला थोपटत होते आणि दुसऱ्या हातात रिसीव्हर.

“नंतर,” ते फिरीला म्हणाले. “सगळं झालं, की खाली बसायचं आणि मग म्हणायचं.”

लाइन तुटली. तिकीट कॅन्सल केलं. गुजराती गृहस्थांनी काहीतरी कापून घेतलं, त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही. त्या दुपारी आबा दोन वेळा वाढून घेऊन जेवले आणि संध्याकाळपर्यंत इतके गाढ झोपले, की शैला तीनदा जाऊन नाडी बघून आली. पाना आमच्या घरी आला. आमच्या घरात त्यानं आजवर एकही नट फिरवलेला नाही.

पुढे त्यांचं सकाळी रेडिओ ऐकणं कमी झालं. लक्षात राहिलं तर ऐकायचे. त्याऐवजी पलीकडच्या म्हातारीकडे पत्ते खेळायला जायला लागले. ती त्यांना ऐकू येत नाही याचा फायदा घेते असं म्हणायचे, पण जायचे. शैलाकडे ते आणखी काही वर्षं होते. एका ऑक्टोबरात दुपारचे आडवे झाले, ते उठले नाहीत. चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता. फिरीला आम्ही कळवलं. तिकडून वीजघराच्या सगळ्या लोकांच्या नावानं निरोप आला, आणि तो शैलानं मंडळातल्या शोकसभेत वाचायला घेतला, पण पुरा करू शकली नाही.

मला मात्र त्यांची आठवण येते ती त्या फोनच्या हिवाळ्यानंतरच्या एप्रिलमधली. बर्फ वितळलं होतं. आबा म्हणाले, नागपूर, इथं जवळ कुठं नदी आहे का? आमच्या पश्चिमेला एक नदी आहे, आणि तिच्यावर एका जुन्या गावाशी माणसाच्या उंचीचा एक बंधारा आहे. पूर्वी तिथं कसलीशी गिरणी चालायची, आता काहीच नाही. पाणी नुसतं वरून येतं आणि पडतं. मी त्यांना तिथं घेऊन गेले. मनातून धास्तावले होते, की आता हे किती पाणी, किती उंची असा हिशेब मांडतील आणि एवढी वीज वाया जाते म्हणून हळहळतील.

ते कठड्यापाशी हात मागे बांधून उभे राहिले. पाणी भरपूर होतं, वितळलेल्या बर्फाचं, करड्या रंगाचं. काठावर बदकं होती. एक बाई मुलाला ब्रेडचे तुकडे देऊन बदकांना टाकायला सांगत होती. वारा गार होता. मी म्हटलं, आबा, टोपी घाला. त्यांनी घातली.

“किती छान पडतंय,” ते म्हणाले. “मी असं कधी बघितलंच नव्हतं.”

मी म्हटलं, परत जायला उशीर होईल, शैला वाट बघत असेल. ते हो म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. मीही मग गाडीची किल्ली खिशात टाकली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.